कृष्णाकाठच्या राजसमाध्या

सातारा शहराच्या पूर्वेला जेमतेम पाच किलोमीटरवर कृष्णेला वेण्णा येऊन मिळते. या संगमावर दोन तीरांवर दोन गावे आहेत, संगम माहुली आणि क्षेत्र माहुली. दगडी घाट, विश्वेश्वराचे काळ्या पाषाणातले मंदिर आणि समोरच्या तीरावरचा रामेश्वर यांमुळे माहुली तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचे हे गाव. पण मराठ्यांच्या इतिहासात माहुलीला जे स्थान आहे ते आणखी एका कारणाने : सातारच्या छत्रपती घराण्याची दहनभूमी इथे होती, आणि त्या घराण्यातल्या कर्त्या स्त्री-पुरुषांच्या समाध्या याच घाटांच्या आसपास आहेत.

राजसमाधी आणि कबर यांत मुळातच फरक आहे. हिंदू राजघराण्यांत देहाचे दहन होते, अस्थी नदीत जातात. समाधी उभारली जाते ती दहनाच्या जागेवर, किंवा थोड्या अस्थी ठेवून घेऊन त्यांवर. म्हणजे समाधीखाली देह नसतो. देह पुरण्याची रीत संन्याशांची, लिंगायत समाजाची आणि मुसलमानांची, आणि कृष्णाकाठी या तिन्ही परंपरा राजघराण्यांच्या शेजारीच नांदत आल्या आहेत. मिरजेतला मीरासाहेबांचा दर्गा आणि सांगली भागातल्या लिंगायत रुद्रभूमी यांत मृताचे शरीर त्या जागेला बांधलेले असते. राजसमाधीला ते बंधन नाही. म्हणून तिचे पावित्र्य तीन गोष्टींवर अवलंबून राहते : ज्या नदीकाठी ती आहे ती नदी, तिथे चालणारी पूजा आणि ‘ही अमक्याची समाधी’ हे सांगणारी माणसे. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. पूजा थांबली आणि सांगणारा गेला, की उरतो तो एक निनावी चौथरा.

माहुलीआधी भोसले घराण्याला एक अशी दहनभूमी नव्हती. शहाजीराजे १६६४ मध्ये कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले; त्यांची समाधी तिथे. जिजाबाईंची समाधी रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला, शिवाजी महाराजांची रायगडावर, संभाजी महाराजांची भीमा-भामा-इंद्रायणीच्या मुलखात वढू बुद्रुक येथे, राजाराम महाराजांची सिंहगडावर. जिथे मृत्यू आला तिथे समाधी झाली, कारण तीन पिढ्या राज्य घोड्यावर होते. दक्षिणेतून आणि मोगली छावणीतून सुटून आलेल्यांना एके ठिकाणी स्थिर व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, पुढची चाळीस वर्षे राजधानी हलली नाही, आणि राजधानीजवळचा संगम आपोआप राजघराण्याचे अखेरचे ठिकाण बनला. विश्वेश्वराचे मंदिर श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले. शाहूंच्या कारकिर्दीत माहुलीला जे वैभव आले त्यात मंदिरे, घाट आणि समाध्या एकमेकांना धरून वाढल्या.

माहुलीच्या समाध्यांत मानाची पहिली समाधी महाराणी येसूबाईंची. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर रायगड पडला तेव्हा, १६८९ च्या अखेरीस, येसूबाई आणि बालशाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहूंची सुटका १७०७ मध्ये झाली. आईची सुटका व्हायला आणखी बारा वर्षे लागली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतले तेव्हा त्यांच्याबरोबर येसूबाई साताऱ्यास आल्या. आयुष्याची सुमारे तीस वर्षे शत्रूच्या छावणीत काढलेल्या या राणीने अखेरची वर्षे मुलाच्या राज्यात घालवली आणि तिची समाधी संगमावर झाली. पुढे मात्र ती कोणती, याचा विसर पडला. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी जुने कागद आणि प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालून जागा निश्चित केली आणि राज्य शासनाने ती संरक्षित स्मारक म्हणून नोंदवण्याची कार्यवाही केली. स्वराज्याच्या दुसऱ्या छत्रपतींची पत्नी, आणि तिची समाधी शोधून काढावी लागते, ही गोष्ट मराठी समाजाने मनाला लावून घेण्याजोगी आहे.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांना औरस पुत्र नव्हता आणि वारसाचा प्रश्न त्यांच्या हयातीतच चिघळला होता. राणी सकवारबाईंचा कल पेशव्यांनी मान्य केलेल्या वारसाच्या विरोधात होता. सातारच्या दरबारी पहिला रेसिडेंट म्हणून राहिलेला आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ याने नोंदवले आहे की, आपला बेत झाकण्यासाठी सकवारबाई सती जाण्याची भाषा करीत होत्या आणि पेशव्यांच्या पक्षाने त्यांना त्याच शब्दात अडकवले. महाराजांच्या देहाबरोबर सकवारबाईंचे सहगमन झाले. माहुलीचा घाट पाहताना हा प्रसंग वगळता येत नाही. राजाच्या चितेजवळ धर्माच्या नावाने जे घडले ते गादीच्या राजकारणाचा भाग होते. समाध्यांभोवती भक्तीची भाषा चढत गेली की अशा गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडून गळून पडतात. त्या सांगितल्या गेल्या पाहिजेत.

आणि याच तीरावर महाराणी ताराबाईंची समाधी आहे. हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी, राजाराम महाराजांची राणी. १७०० मध्ये पती सिंहगडावर वारल्यानंतर सात वर्षे तिने औरंगजेबाशी झुंज चालवली. शाहू सुटून आले तेव्हा तिने त्यांना वारस मानले नाही. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडला दोन्ही बाजू लढल्या आणि शाहूंचा जय झाला. तिने पन्हाळ्याला वेगळी गादी उभी केली, पण १७१४ मध्ये सवत राजसबाईने तिला आणि तिच्या मुलाला बाजूस सारले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर, म्हणजे कोल्हापूर, या दोन राज्यांची हद्द ठरली. हद्द म्हणून ठरलेली वारणा नदी सांगलीशेजारी हरिपूरला कृष्णेत मिसळते. त्याच सुमारास ताराबाई साताऱ्यात आल्या आणि उरलेले आयुष्य तिथेच राहिल्या. शाहूंच्या पश्चात आपला नातू म्हणून पुढे केलेल्या रामराजाला त्यांनी पुढे किल्ल्यावर कैदेत टाकले, पेशव्यांशी उघड दावा मांडला. पानिपत झाले, नानासाहेब पेशवे गेले, आणि त्यानंतर १७६१ च्या डिसेंबरात ताराबाई वारल्या. वय सुमारे शहाऐंशी.

करवीरच्या गादीची संस्थापिका कोल्हापूरला नाही, माहुलीला विसावली. खेडच्या मैदानात समोरासमोर उभे राहिलेले चुलती-पुतणे एका घाटावर आले. छत्रपती घराण्याची दुही इतक्या थोड्या जागेत इतक्या स्पष्टपणे दिसावी असे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात नाही, आणि माहुलीचे खरे मोल याच गोष्टीत आहे. इतिहासाच्या पुस्तकांत सातारा आणि कोल्हापूर ही दोन वेगळी प्रकरणे असतात. संगमावर तसा भेद उरत नाही. एका घराण्याच्या माणसांचे अंत्यसंस्कार एकाच पाण्याकाठी झाले, मग राजकारण काहीही असो.

माहुलीच्या समाध्यांत शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याचीही समाधी आहे. शिकारीत वाघ अंगावर आला असता खंड्याने भुंकून महाराजांना सावध केले आणि त्यांचा जीव वाचवला, अशी कथा आहे. त्याला दरबारात मान होता, पालखी होती, जहागीर होती असे सांगतात. ब्रिटिश काळात सातारा जिल्ह्याची माहिती संकलित झाली तेव्हा या समाधीची नोंद झाली, त्यामुळे तिची परंपरा निदान त्या काळाइतकी जुनी आहे हे निर्विवाद. रायगडावरचा वाघ्या कुत्र्याचा पुतळा १९३६ मधला असून त्यामागच्या कथेवरून वाद झडले आहेत. खंड्याची गोष्ट त्या वादात ओढण्याचे कारण नाही. शाहूंच्या स्वभावाशी ती जुळते. शिकार आणि जनावरांची आवड, नोकरचाकरांवर माया आणि उपकार न विसरणे हे त्यांचे गुण समकालीन कागदांत जागोजाग दिसतात.

शाहूंनंतरच्या छत्रपतींची सत्ता कमी होत गेली, तसा समाध्यांचा डौलही. रामराजे १७७७ मध्ये वारले, दुसरे शाहू १८०८ मध्ये. त्यांचे पुत्र प्रतापसिंह यांना १८१९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य परत दिले आणि १८३९ मध्ये राजद्रोहाचा आरोप ठेवून पदच्युत केले. प्रतापसिंहांना काशीला पाठवण्यात आले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. गंगाकाठी मरण येणे हे हिंदू मनाला भाग्य वाटते. प्रतापसिंहांच्या बाबतीत ती हद्दपारी होती. त्यांच्या बाजूने रंगो बापूजी वर्षानुवर्षे लंडनमध्ये झगडले, पण निकाल फिरला नाही. त्यांच्या जागी गादीवर आलेले धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये साताऱ्यात वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी घेतलेले दत्तक डलहौसीने अमान्य केले आणि राज्य खालसा झाले.

खालसा होण्याचा परिणाम समाध्यांवर थेट झाला. राजसमाधीची व्यवस्था ही राज्याच्या खर्चाची बाब होती. पूजेला गुरव किंवा ब्राह्मण, नंदादीपाला तेल, नैवेद्याला धान्य, पुण्यतिथीला अन्नदान, पडझडीला पाथरवट, आणि या सगळ्यासाठी इनाम जमीन किंवा वर्षासन. सनद आहे तोवर हक्क आहे, हक्क आहे तोवर काम आहे. राज्य गेल्यावर १८५२ पासून इनाम कमिशनने सनदांची तपासणी मांडली. अनेक देवस्थाने तरली, कारण देवाला भक्त मिळतात. चौथऱ्याच्या समाधीला फक्त वंशज आणि पगारी पुजारी असतात. माहुलीची मंदिरे आज धडधाकट उभी आहेत आणि समाध्या कोणाच्या हे विचारावे लागते, यामागे हे साधे कारण आहे. सामान्यतः निसर्गाला आणि लोकांच्या उदासीनतेला दोष दिला जातो. पण मूळ घाव व्यवस्थेवर पडला.

रायगडाची गोष्ट याला पुष्टी देते. १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला, वस्ती उठली, आणि खुद्द शिवाजी महाराजांच्या समाधीवर झाडझाडोरा माजला. समाधी अशी पडून असतानाच जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये महाराजांवर पोवाडा रचला. जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये समाधीच्या दुर्दशेबद्दल लिहिले तेव्हा चर्चा झाली आणि सरकारने देखभालीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर केले. १८९५ मध्ये टिळकांनी पुण्यात सभा घेऊन निधीची हाक दिली, दुसऱ्या वर्षी गडावर उत्सव झाला, आणि समाधीचे बांधकाम पुरे व्हायला १९२६ साल आले. महाराजांच्या समाधीची ही कथा, मग येसूबाई-ताराबाईंच्या समाध्यांना कोण विचारणार? रायगडाला चळवळ मिळाली, माहुलीला मिळाली नाही.

आफ्रिकेतल्या युगांडामधील बागांडा लोकांचे उदाहरण इथे बरेच काही शिकवते. त्यांचे राजे, ज्यांना कबाका म्हणतात, कंपालाजवळच्या कासुबी टेकडीवर विसावले आहेत. मुतेसा पहिला या कबाकाचा तिथला वाडा १८८४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर समाधिस्थान झाला आणि पुढच्या तीन कबाकांनाही तिथेच ठेवण्यात आले. कबाका मेला असे बागांडा म्हणत नाहीत. तो अरण्यात निघून गेला असे म्हणतात. वाड्यात राजाच्या वतीने राहणाऱ्या स्त्रिया असतात, दारावर पहारा असतो, आणि गवताचे अवाढव्य छप्पर शाकारण्याचा मान एका ठरलेल्या कुळाचा. राज्य १९६७ मध्ये बरखास्त झाले, १९९३ मध्ये मानाचे राज्य म्हणून परत आले, पण कुळांनी आपापली कामे सोडली नाहीत. १९६६ मध्ये परागंदा झालेला कबाका १९६९ मध्ये लंडनला वारला, तर १९७१ मध्ये त्याचा देह आणून कासुबीत ठेवण्यात आला. युनेस्कोने २००१ मध्ये हे ठिकाण जागतिक वारशात घेतले. मार्च २०१० मध्ये आगीत मुख्य वास्तू भस्मसात झाली. नुसती इमारत म्हणून पाहिले तर त्या रात्री सगळे संपले होते. पण कामे वाटून घेतलेली कुळे शिल्लक होती, त्यांच्या रीतीनुसार ती वास्तू पुन्हा उभी राहिली, आणि २०२३ मध्ये ‘धोक्यातील वारसा’ या यादीतून तिचे नाव निघाले. माहुलीत याच्या नेमके उलटे झाले. दगड टिकला, कामे करणारी माणसे पांगली.

मराठी घराण्यांना हे जमत नव्हते असे मात्र नाही. साताऱ्याच्या मातीतून उत्तरेत गेलेल्या सरदारांनी ते करून दाखवले. कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला गेले. नीरेकाठच्या होळ गावचे होळकर इंदूर आणि महेश्वरला गेले. तिथे त्यांच्यासमोर राजपूत आणि बुंदेला राजांच्या छत्र्या होत्या. कमानी, घुमट आणि कोरीव खांब असा तो थाट मराठ्यांनी उचलला आणि आत राजाची मूर्ती ठेवली. शिवपुरीला माधवराव शिंदे आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या संगमरवरी छत्र्या आहेत. तिथल्या मूर्तींना वस्त्रे नेसवतात, नैवेद्य दाखवतात, गाणे म्हणतात. इंदूरच्या छत्र्या आणि महेश्वरचा अहिल्याबाईंचा घाट हजारो प्रवासी पाहतात. सेनापती महादजी शिंद्यांची पुण्यातली वानवडीची छत्री पाहिली आणि मग माहुलीचा घाट पाहिला, तर धन्याची समाधी साधी आणि चाकराची छत्री भव्य असा उलटा हिशेब दिसतो. कारण एकच : शिंदे-होळकरांची संस्थाने १९४७ पर्यंत टिकली आणि त्यांच्या सेवेला पुढे विश्वस्त निधी मिळाले. साताऱ्याचे राज्य त्याच्या शंभर वर्षे आधी बुडाले.

माहुलीच्या समाध्यांची घडण मुळात दख्खनी आणि काटकसरीची आहे. घडीव काळ्या दगडाचा चौकोनी किंवा अष्टकोनी चौथरा, त्यावर कुठे शिवलिंग तर कुठे तुळशीवृंदावन, दिव्यासाठी कोनाडा. नाव कोरण्याची पद्धत नव्हती. ज्यांच्यासाठी समाधी होती त्यांना ती कोणाची हे ठाऊक होते. नाव वाचणारा परका येईल हा विचारच त्या काळाच्या मनात नव्हता. पुढे ओळख पटवण्याची सारी अडचण इथून सुरू झाली.

कोल्हापूरच्या गादीची एक समाधी तर थेट इटलीत आहे. करवीरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स शहरात वारले. इटलीत दहनाला परवानगी नव्हती. खटपट करून ती मिळवली गेली, आणि जागा निवडली ती आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावरची. कृष्णाकाठचा नियम परक्या देशात, परक्या नद्यांवर पाळला गेला. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली, तिचा आराखडा चार्ल्स मँट याने केला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. फ्लॉरेन्सकरांनी त्या भागाला आणि पुढे तिथल्या पुलालाही ‘हिंदी माणसाचा’ म्हणून ओळखायला सुरुवात केली. छत्रपती घराण्याची नावानिशी उत्तम जपलेली समाधी परदेशात आहे.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात राजघराण्याबाहेरच्या समाध्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतल्या कित्येक अधिक जिवंत आहेत. सज्जनगडावर समर्थ रामदासांनी १६८२ मध्ये देह ठेवला. समाधीवर राममंदिर आहे आणि दासनवमीला गड भरून जातो. साताऱ्याजवळ धावडशीला ब्रह्मेंद्रस्वामींची समाधी आहे, ज्यांच्यापुढे शाहू आणि बाजीराव दोघेही नमत. पलूस तालुक्यात कृष्णा-येरळा संगमावर ब्रह्मनाळला आनंदमूर्तींची समाधी आहे. राजाने साधूला इनाम दिले, साधूची परंपरा शिष्यांनी चालवली, आणि राजापेक्षा साधूची समाधी जास्त टिकली. शिष्यपरंपरा ही वारसांपेक्षा बळकट निघाली.

लढवय्यांच्या समाध्यांची कथा वेगळी. कराड तालुक्यातले तळबीड हे हंबीरराव मोहित्यांचे गाव. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत ते पडले. गावाने त्यांची समाधी जपली आहे. संताजी घोरपडे १६९७ मध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात मारले गेले. त्यांची समाधी म्हणून माण तालुक्यातले कारखेल आणि कृष्णा-पंचगंगेच्या बाजूचे कुरुंदवाड अशी दोन्ही ठिकाणे सांगितली जातात, आणि दोन्हीकडे श्रद्धेने माणसे जातात. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर, म्हणजे जुन्या भूपाळगडावर, शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी आहे. हा गड १६७९ मध्ये दिलेरखानाने घेतला होता. बहिर्जींच्या समाधीला कोणत्या संस्थानाचा आधार नव्हता. गडाचे गावकरी आणि रामोशी समाज यांनी ती आपली मानली, एवढ्यावर ती राहिली. माण तालुक्यातच शिखर शिंगणापूरला, भोसल्यांच्या कुलदैवताच्या डोंगरावर, घराण्यातल्या पुरुषांच्या स्मारक-समाध्या आहेत. तिथे दहन कोणाचे झाले नाही. वंश आणि देव एका जागी आणण्याची ती रीत.

समाध्यांच्या या मुलखात शत्रूचीही जागा आहे : प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे. १६५९ च्या भेटीनंतर खानाचे दफन शिवाजी महाराजांच्या आज्ञेने योग्य रीतीने झाले, अशी परंपरा आहे. गेल्या काही दशकांत कबरीभोवती वाढलेली बांधकामे वादाचा विषय झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने ती हटवली. मृत शत्रूशी कसे वागावे याचा महाराजांनी घालून दिलेला धडा त्या वादात मागे पडू नये.

सांगलीच्या पटवर्धनांनी मात्र स्मरणाची वेगळी वाट धरली. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेबांनी मिरजेतून वेगळे होऊन सांगलीचे संस्थान उभे केले. घराण्याची ओळख समाध्यांत नाही, कृष्णाकाठच्या गणपती मंदिरात आहे. तासगावलाही परशुरामभाऊंचे नाव निघते ते गणपतीच्या गोपुरापाशी आणि रथोत्सवात. राजाने आपली आठवण देवाच्या स्वाधीन केली, की ती सांभाळायला गावच पुढे येते. टिकाऊपणाच्या दृष्टीने पटवर्धनांचा निर्णय शहाणपणाचा ठरला.

राजे गेले तरी नदीकाठच्या समाधीचा मान गेला नाही. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. ते २५ नोव्हेंबर १९८४ रोजी वारले. त्या तारखेला सर्व पक्षांचे नेते तिथे येतात. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी पक्षात फूट पडली तेव्हा शरद पवार दुसऱ्याच दिवशी या समाधीवर गेले. सांगलीत कृष्णेकाठी वसंतदादा पाटलांची समाधी आहे आणि तिथेही राजकारणातले नवे पर्व सुरू करताना नमस्कार करण्याची प्रथा पडली आहे. आपण कोणाचे वारस, हे जाहीर करण्याची जागा म्हणून समाधीचा उपयोग शाहूंच्या काळीही होता. लोकशाहीत त्याला मतदार साक्षी असतात, एवढेच.

माहुलीला आजही माणसे रोज येतात, पण ती बहुतेक राजांसाठी येत नाहीत. सातारा शहराचे अंत्यसंस्कार इथल्याच स्मशानभूमीत होतात. दहाव्याला घाटाच्या पायऱ्यांवर पिंड मांडले जातात, क्षौर होते, कावळा शिवण्याची वाट पाहिली जाते, आणि त्याच पायऱ्यांच्या बाजूला छत्रपतींच्या घराण्याचे चौथरे असतात. राजाचा आणि रयतेचा शेवट एका पाण्याकाठी व्हावा हे या जागेचे सर्वांत मोठे सांस्कृतिक वैशिष्ट्य म्हणावे लागेल. कासुबीत राजाची टेकडी प्रजेपासून वेगळी आहे. माहुलीत तशी भिंत कधी नव्हती.

नदीकाठ हेच या समाध्यांचे सामर्थ्य, आणि तोच त्यांचा धोका. कृष्णेचे पूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून माणसे दगावली. असा पूर घाटांवर गाळ टाकतो, चौथऱ्यांचे सांधे सैल करतो. ताराबाईंची समाधी पात्राच्या अगदी कडेला असल्याने तिला याचा फटका सर्वांत आधी बसतो. पुरापेक्षा घातक आहे ती हौशी डागडुजी. जुन्या चुन्याच्या सांध्यांवर सिमेंट चोपडणे, घडीव दगडावर ऑइल पेंट मारणे, चौथऱ्याला चकचकीत फरशी बसवणे. सिमेंट ओल धरून ठेवते आणि दगड आतून झिजतो. श्रद्धेने केलेले हे काम काही वर्षांतच समाधी ओळखू येणार नाही अशी करून टाकते.

करण्याजोगे काम मोठ्या खर्चाचे नाही. माहुलीच्या दोन्ही तीरांवरच्या प्रत्येक समाधीचे मोजमाप आणि छायाचित्र घ्यावे, पूररेषेच्या नकाशावर तिची जागा मांडावी, परंपरेने कोणाची म्हणतात आणि कागद काय सांगतो हे दोन्ही वेगळे नोंदवावे, आणि जिथे खात्री आहे तिथेच नावाचा दगड लावावा. इनामाचे कागद, पुजाऱ्यांच्या वह्या, घाटाची जुनी छायाचित्रे अजून माहुली-साताऱ्याच्या घरांत पेट्यांमध्ये आहेत. ज्यांच्याकडे ती असतील त्यांनी त्यांच्या प्रती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे द्याव्यात, आणि ते पुढच्या पावसाळ्याच्या आत करावे.